सतरावं प्रकरण

नाशिक, ९ जून २०२३

प्रिय ललितराव,

'शीतघर'ची पहिली सोळा प्रकरणं सोबतच्या पाकिटात आहेत. हिरव्या शाईतल्या खुणा शुद्धलेखनाच्या, त्या निमूट मान्य करा. पेन्सिलीत प्रश्न आहेत, त्यांच्याशी खुशाल भांडा. तुम्ही अजूनही पडद्यावर वाचायला तयार नाही, त्यामुळे गंगापूर रोडवरची कुरियरवाली मला नावाने ओळखायला लागली आहे. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, पिंपळगावला एवढे कागद कोणाला पाठवता? म्हटलं, एका गृहस्थांचं द्राक्षांचं शीतगृह आहे, पण जीव कादंबरीत अडकलाय.

आपली ही तिसरी कादंबरी. पहिल्या दोन्हींपेक्षा ही फार पुढे गेली आहे, हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. थंडीतून बाहेर आलेल्या बाईच्या चष्म्यावर वाफ धरते आणि ती तशीच, न पुसता, मुकादमाशी बोलत राहते, तो प्रसंग मी पेन्सिल खाली ठेवून वाचला.

सतरावं प्रकरण मात्र मी मागे ठेवलं आहे. वडिलांना किडनी द्यायची वेळ येते, तुमच्या नायकाची, निवृत्तीची, जुळते, आणि तो नाही म्हणतो. कादंबरी सगळी इथवर येण्यासाठीच चालली होती. आणि इथे तुम्ही त्याला वणीच्या गडाच्या पायऱ्यांवर नेऊन तीन पानं रडवता. ललितराव, मला यातलं काहीच खरं वाटलं नाही. हे पुन्हा लिहावं लागेल.

घाई नाही. पण सोडूही नका.

आपली,
सुवर्णा मंडलिक

*

पिंपळगाव बसवंत, १७ जून २०२३

सुवर्णाताई, सप्रेम नमस्कार.

पाकीट मिळालं. पेन्सिलीशी भांडलो आणि बहुतेक ठिकाणी हरलो. हंगाम संपल्यामुळे शीतगृह रिकामंच आहे, त्यामुळे ऑफिसात बसून हरायला वेळही भरपूर मिळाला.

सतराव्यावरून मात्र मला राग आला, लपवत नाही. ते प्रकरण मी तीन वेळा लिहिलंय. घरी वाचून दाखवलं तर बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तुम्ही लिहिता, खरं वाटत नाही. का वाटत नाही? जन्मदात्याला नाही म्हटलेला माणूस रडणार नाही तर काय करेल? तुम्ही नुसतं चूक म्हणून बोट ठेवता आणि पुढच्या पानावर जाता. आम्ही तिथेच उभे राहतो.

असा माणूस तुम्ही पाहिला आहे का? पाहिला असेल तर सांगा तो कसा वागतो. मी ऐकायला तयार आहे. नसेल पाहिला, तर माझ्या निवृत्तीला रडू द्या.

रागावू नका. तुमच्याखेरीज माझं लिखाण इतक्या काळजीने कोणी वाचत नाही, म्हणूनच भांडतो.

आपला,
ललित विधाते

*

नाशिक, २ जुलै २०२३

प्रिय ललितराव,

उत्तराला उशीर झाला, कारण हे लिहावं की नाही हे ठरत नव्हतं. लिहिते आहे. पण आधी एक गोष्ट. हे तुमच्या समजुतीसाठी आहे, पुस्तकासाठी नाही. यातला एक शब्दही छापून यायचा नाही. इतकी वर्षं एकत्र काम केल्यावर हे सांगायची गरज नसावी, तरी सांगते.

असा माणूस मी पाहिला आहे. तो माझा धाकटा भाऊ, योगेश.

आमची मखमलाबादला फुलशेती आहे, हे तुम्हाला माहीत आहे. दादांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. आईला रक्तदाब, म्हणून ती बाद. माझा रक्तगट जुळला नाही. योगेशचं सगळं जुळलं. त्या वेळी त्याची मुलगी सायली सहा महिन्यांची होती. अशा वेळी डॉक्टर देणाऱ्याला एकट्याला आत बोलावतात आणि विचारतात, मनापासून तयार आहेस ना? त्याने आत जाऊन नाही म्हणून सांगितलं. डॉक्टर भले होते. बाहेर येऊन त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं की तपासणीत बसत नाही. आईने ते खरं मानलं. दादांनीही मानलं. दोन वर्षांनी दादा गेले.

मला योगेशने त्याच दिवशी सांगितलं, दवाखान्याच्या कँटीनमध्ये. मोटर जळाली असं सांगावं त्या आवाजात म्हणाला, "ताई, मीच नाही म्हणालो." मग त्याने मिसळ मागवली. सगळी खाल्ली, तर्रीसकट. माझ्यासमोरची बशी तशीच होती. तिच्याकडे बघून त्याने विचारलं, "तुझा पाव खाणार आहेस का?" मी बशी पुढे सरकवली. त्याने माझा पावही खाल्ला.

एवढंच. तो रडला नाही. माफी मागितली नाही. ना तेव्हा, ना दादांच्या दहाव्याला.

मला त्याचा संताप आला होता, पण मी त्याच्यापेक्षा चांगली आहे असं म्हणता येत नाही. माझा गटच जुळत नव्हता, त्यामुळे मी दिली असती असं म्हणणं मला फुकट होतं. जुळला असता तर काय केलं असतं, हे मला आजही माहीत नाही.

आईला यातलं काही ठाऊक नाही. ती त्याच्याकडेच राहते. तिच्या दृष्टीने तो देणार होता आणि देवाने देऊ दिलं नाही. तो समज तिच्यापाशी राहू द्यायचा, असं आम्हा दोघांचं न बोलता ठरलेलं आहे.

तुमचा निवृत्ती रडतो ते खोटं का वाटतं, ते आता कळलं असेल. आता हे विसरा आणि तुमचं स्वतःचं शोधा.

सुवर्णा

*

पिंपळगाव बसवंत, ८ जुलै २०२३

ताई,

पत्र दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवून दिलं. तुम्ही माझ्यावर एवढा विश्वास टाकलात, हे मी विसरणार नाही. यापुढे मी त्याचा विषय काढणार नाही. निर्धास्त असा.

सतरावं प्रकरण बहुधा काढूनच टाकतो. नकार दोन प्रकरणांच्या मधे कुठेतरी घडून गेलेला असेल. वाचकाला समजेल.

तुमचा,
ललित

*

नाशिक, १४ ऑक्टोबर २०२३

प्रिय ललितराव,

उरलेली प्रकरणं पाठवून दोन महिने झाले. शेवटची मुद्रितं माझ्याकडे येतील असं ठरलं होतं, ती अजून आली नाहीत. प्रकाशकांच्या ऑफिसात फोन केला तर त्यांनी तुमच्याशी बोलायला सांगितलं. सतराव्याचं शेवटी काय केलंत तेही कळलं नाही. ती जागा नुसती कापून चालणार नाही, पुढच्या दोन प्रकरणांत दुरुस्त्या लागतील. एकदा नजरेखालून घालू द्या.

दसऱ्याची गडबड आहे. योगेश रोज झेंडू घेऊन गणेशवाडीच्या फूलबाजारात येतो, आणि जाताना माझ्या दाराला तोरण लावून जातो. या वर्षी पावसाने दडी मारली, तरी फूल बरं आलंय म्हणतो.

आपली,
सुवर्णा

*

पिंपळगाव बसवंत, २० ऑक्टोबर २०२३

सुवर्णाताई,

क्षमस्व. प्रकाशकांना दिवाळीनंतर लगेच पुस्तक हवं होतं, म्हणून त्यांनी पुण्यातच मुद्रितशोधन करून घेतलं. तुमच्या डोळ्यांना पुन्हा कशाला ताण, असा मीही विचार केला. संपादिका म्हणून पहिल्या पानावर तुमचंच नाव आहे.

सतराव्याची काळजी करू नका. त्याचा प्रश्न सुटला आहे. प्रकाशकांना कादंबरी फार आवडली. प्रत हाती आली की मी स्वतः घेऊन येतो.

दिवाळीच्या शुभेच्छा.

ललित

*

मखमलाबाद, १८ फेब्रुवारी २०२४

ताई,

तू दोनदा फोन केला, मी उचलला नाय. फोनवर माझ्याच्यानं बोलवणार नाय म्हणून लिहितोय. मला लिहायची सवय नाय, समजून घे.

जानेवारीत गणेशवाडीला माल टाकून येताना पंचवटीतल्या पुस्तकाच्या दुकानात बाहेरच ते पुस्तक लावलेलं दिसलं. मागं तू बोलली होतीस, म्हणून नाव ध्यानात होतं. उघडलं तर पहिल्याच पानावर तुझं नाव. दुकानवाल्याला सांगितलं, ही माझी बहीण हाय. त्यानं मला चहा पाजला. मी पुस्तक विकत घेतलं. शाळा सुटल्यापासून पहिलंच.

संध्याकाळी मी आईला वाचून दाखवत होतो. तिला लय आवडलं. आपल्याकडल्या बाया जशा बोलतात तशाच ह्यात बोलत्यात, म्हणायची. रोज एक एक प्रकरण करत सोळा झाली. सोळाव्यात म्हाताऱ्याला डायलिसिसच्या मशिनीवर घालतात. आईनं डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, पुढं काय होतं, पोरगा देतो का? मी म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी आधी मी एकट्यानं वाचलं, म्हणून वाचलो.

ताई, कँटीन हाय. मिसळ हाय. मोटर जळाल्यासारखा आवाज हाय. तुझा पाव खाणार आहेस का, हे तर जसंच्या तसं हाय. त्यात तो पाव खाताना हसतो पण. मी हसलो होतो का? आणि बहीण डॉक्टरच्या पाया पडते, माझी घ्या म्हणते. तू पडली होतीस का? मला तर आठवत नाय.

मागच्या पानावर आभार हायेत. सतराव्या प्रकरणासाठी सुवर्णा मंडलिक यांनी स्वतःच्या घरातलं दुःख मोकळेपणानं दिलं, असं लिहिलंय. मंडलिकांचं घर गावात कोणाला माहीत नाय? गावच्या सोसायटीच्या ऑफिसातल्या वेदिका मॅडमनी पुस्तक वाचलंय. परवा मला बघून त्या दुसरीकडं बघायला लागल्या.

एक सांगतो. चाचण्या सुरू झाल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. सायलीच्या आईला विचार. नाय म्हणून बाहेर आलो आणि एकदम भूक लागली, जनावरासारखी. तिची मला आजपण लाज वाटते. मिसळ माझ्या आवडीची, पण त्या दिवसापासून मी खात नाय, हे तुझ्या कधी ध्यानात आलं का?

मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं.

आई रोज विचारते, पुस्तक का थांबवलं.

योगेश

*

नाशिक, २१ फेब्रुवारी २०२४

श्री. ललित विधाते यांस,

प्रत घेऊन येणार होतात. आला नाहीत, म्हणून मीच विकत आणली. सतरावं प्रकरण वाचलं.

मी लिहिलं होतं की यातला एक शब्दही छापून यायचा नाही. तुम्ही उत्तर दिलंत की निर्धास्त असा. त्यानंतर मुद्रितं माझ्यापासून दूर ठेवलीत. मी विचारलं तेव्हा प्रश्न सुटला म्हणालात. म्हणजे ऑक्टोबरात तुम्ही मला डोळ्यांदेखत फसवत होतात, आणि मी तुम्हाला आमच्या झेंडूची खबर देत होते.

माझ्या भावाने ते पुस्तक माझं नाव बघून विकत घेतलं. तो ते आमच्या आईला वाचून दाखवत होता.

मी जे लिहिलं तेही तुम्ही नीट घेतलं नाहीत. तो हसला नव्हता. मी कोणाच्या पाया पडले नव्हते. माझा रक्तगट जुळत नव्हता आणि जुळला असता तर काय केलं असतं ते मला माहीत नाही, हे मी स्पष्ट लिहिलं होतं. तेवढंच नेमकं तुम्ही वगळलंत. बहीण थोर झाल्याशिवाय भाऊ पुरेसा नीच दिसत नव्हता, असंच ना?

पुढच्या आवृत्तीतून ते प्रकरण आणि आभाराचं वाक्य काढावं, आणि तसं प्रकाशकांना आजच कळवावं. माझं २ जुलैचं पत्र मला परत हवं आहे.

सुवर्णा मंडलिक

*

पिंपळगाव बसवंत, १ मार्च २०२४

सुवर्णाताई,

हंगाम ऐन भरात आहे, दारात गाड्यांची रांग आहे, तरी आधी तुम्हाला लिहायला बसलो. तुमच्या पत्राने फार दुखावलो, पण ते बाजूला ठेवतो.

मी ते प्रकरण काढूनच टाकणार होतो, हे खरं मानाल का? काढलंही होतं. पण त्या जागी भोक पडलं. रोज त्या भोकापाशी येऊन बसायचो आणि मला तो पाव दिसायचा. शेवटी एका सकाळी लिहायला बसलो आणि दुपारपर्यंत सगळं उतरलं. आजवर इतकं चांगलं मी लिहिलेलं नाही. तुम्हीही वाचलंत. तुम्हीच सांगा, खोटं आहे का?

नाव बदललं, गाव बदललं, फुलांच्या जागी द्राक्षं आली. आभार मानले कारण ऋण न मानणं मला कृतघ्नपणा वाटला. त्याने असा घोळ होईल असं मनातही आलं नाही. तुमचे बंधू कादंबरी वाचतील असं मला खरंच वाटलं नव्हतं. शेती-बाजार करणारा माणूस, त्याला एवढा वेळ कुठून?

हसण्याचं म्हणाल, तर निवृत्ती हा तुमचा भाऊ नाही. तो माझा आहे. त्याने हसायचं की नाही ते मी ठरवणार.

आभाराचं वाक्य काढायला सांगतो. प्रकरण काढता येणार नाही. सगळे त्याच्याबद्दलच बोलतात, प्रकाशक ऐकणार नाहीत आणि खरं सांगायचं तर मीही नाही. पत्राचं म्हणाल, तर ते तुम्ही मला लिहिलेलं आहे. माझ्या या पुस्तकाच्या कागदांत ते राहू द्या.

हवं तर मी मखमलाबादला येऊन बंधूंची क्षमा मागतो. गाडी घेऊन कधीही येतो, तुम्ही सांगा.

तुमचा,
ललित

*

नाशिक, ५ मार्च २०२४

प्रिय योगेश,

मी रविवारी घरी आले होते. तू मळ्यात आहेस असं सायलीच्या आईने सांगितलं. शेवंतीच्या पलीकडे तुझी टोपी दिसत होती. मी बांधापर्यंत आले आणि परत फिरले. आईला म्हटलं, सहज आले होते.

मी त्या माणसाला सांगितलं, हे खरं आहे. छापू नका असंही सांगितलं, आणि तो छापणार नाही म्हणाला, हेही खरं आहे. पण तू त्याला ओळखतही नाहीस. तू मला ओळखतोस.

त्याने लिहिलेलं एक प्रकरण मला खोटं वाटत होतं. त्याने विचारलं, खरं कसं असतं ते सांगा. माझं कामच ते आहे, योगेश, दुसऱ्याच्या लिखाणात खोटं कुठे आहे ते दाखवणं. त्या वेळी मला फक्त ते प्रकरण दिसत होतं. ते सांगताना तू मला भाऊ म्हणून दिसलाच नाहीस. याहून वाईट मला स्वतःबद्दल काही सांगता येत नाही.

तू हसलास असं मी लिहिलं नव्हतं. मी पाया पडले असंही नाही. ते त्याचं आहे. पण तू भुकेला होतास हे मला कळलं नाही, हे माझं आहे. इतकी वर्षं मी तो पाव तुझ्या विरुद्ध जपून ठेवला होता.

आईला काय सांगायचं ते तू ठरव. नको सांगूस म्हणालास तर मी जन्मभर बोलणार नाही. आता याला काही अर्थ उरला नाही, हेही कळतं.

त्या माणसाला तुझी माफी मागायला यायचं आहे. मी त्याला नको म्हणून कळवलं आहे.

ताई

*

मखमलाबाद, १९ मार्च २०२४

ताई,

आईला सांगितलं.

दुपारी फुलं तोडून आलो. ती ओट्यावर लसूण सोलत होती. परत विचारलं, पुस्तक का थांबवलं रे? मी तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, दादांची किडनी मीच दिली नाय. डॉक्टरनं सोंग केलं. मी घाबरलो होतो.

ती लसूण सोलत राहिली. सगळा सोलून झाला. मग म्हणाली, आण ते पुस्तक आणि पुढचं वाच. मी म्हटलं, नको. तर म्हणाली, वाच. मी वाचलं, ताई. सगळं सतरावं, मोठ्यानं. पाव पण वाचला.

संपल्यावर एवढंच म्हणाली, "तू त्यांना दोन वर्षं गाडीत घालून मशिनीवर नेत होतास, ते ह्यात कुठं हाय?"

मी पुस्तक मिटून फळीवर ठेवलं.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाय. ताट वाढते, पाणी देते. बोलत नाय. मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काय नाय.

तुझ्याकडं काही दिवस माझं येणं होणार नाय. तू पण इतक्यात येऊ नको.

योगेश

*

नाशिक, १२ एप्रिल २०२४

प्रिय योगेश,

तू येऊ नको म्हणालास, म्हणून आले नाही. पण आई इथे येऊन गेली, ते तुला कळायला हवं. तिने तुला सांगितलं नसेल.

काल सकाळी दार उघडलं तर ती उभी. शेजारच्या फकिराकाकांच्या टेम्पोत बसून गणेशवाडीपर्यंत आली आणि तिथून रिक्षाने. मी चहा ठेवला. टेबलावर कागदांचा ढीग होता, त्याच्याकडे तिने बघितलं आणि विचारलं, हेच काम का? म्हटलं, हो.

मग म्हणाली, "त्यानं जीव वाचवायला लपवलं. तू कशापायी सांगितलंस?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हणाले, "एक प्रकरण नीट व्हावं म्हणून."

"मग झालं का नीट?"

योगेश, मी हो म्हणाले. कारण झालं आहे. तो हसतो आणि ती पाया पडते, तेवढं सोडलं तर त्या पुस्तकात त्याच्याइतकं चांगलं प्रकरण नाही. मला ते दिसतं, आणि दिसत नाही असं आईला सांगता येईना.

तिने मान हलवली, बरं म्हणाली. चहा अर्धा तसाच ठेवून पिशवी उचलली. मी म्हटलं, राहा ना आजचा दिवस. तर म्हणाली, "त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं. तू आधी गावाला सांगितलंस. मला त्याच्याकडंच बरं हाय."

मी खाली रिक्षापर्यंत गेले. तिने माझा हात धरला नाही, पण झटकलाही नाही.

आणि गाडीतून नेण्याचं. ते त्याने गाळलेलं नाही, मीच सांगितलं नव्हतं. पहाटे निघायचास, दादांच्या पाठीला उशी लावायचास, परत येताना त्यांना थुंकायचं असलं की गाडी थांबवायचास, हे सगळं मला माहीत होतं. पण नकार समजावून द्यायला त्याची गरज नव्हती. म्हणून ते पत्रात आलंच नाही. मी तुझंही संपादनच केलं.

आई तुझ्याशी बोलायला लागली, तर मला कळव. माझ्याशी बोलायचं नसलं तरी तेवढं कळव.

ताई

*

पिंपळगाव बसवंत, १० जून २०२४

प्रिय सुवर्णाताई,

तीन महिने झाले, तुमचा राग आता निवळला असेल अशा आशेने लिहितो. दुसरी आवृत्ती आली. आभाराचं वाक्य काढलं आहे, प्रत सोबत आहे. एका मोठ्या पुरस्कारासाठीही नाव गेलं आहे असं कानावर आलंय. मिळाला तर मी व्यासपीठावरून सांगणार आहे की यातलं अर्धं श्रेय माझ्या संपादिकेचं. नाव घेणार नाही, घाबरू नका.

नवी कादंबरी वेगळ्या पाकिटात पाठवतो आहे. अजून कच्ची आहे. पुण्याच्या माणसांनी एक प्रकरण तपासून दिलं, पण त्यांच्या हाताला तुमची सर नाही. ते फक्त काने-मात्रे बघतात. तुम्ही जिथे पेन्सिलीने "कशावरून?" असं लिहायचात, तिथे मी थांबून विचार करायचो. तुमच्याशिवाय मला लिहिता येणार नाही, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

एक विचारायचं राहून गेलं, आणि हे लेखक म्हणून नाही, आपुलकीने विचारतो. तुमच्या आईंना अखेर कळलं का? त्या काय म्हणाल्या? बंधू आणि त्या एकाच घरात राहतात, त्यांचं आता कसं चाललं आहे? तो विचार माझ्या मनातून जात नाही.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
ललित

*

नाशिक, १५ जून २०२४

श्री. विधाते यांस,

तुमचं नवं हस्तलिखित न वाचता परत पाठवते आहे. पाकिटाला लावलेली चिकटपट्टी तुमचीच आहे. तुमच्या कोणत्याही पुस्तकाचं काम मी यापुढे करणार नाही. 'शीतघर'च्या तिसऱ्या आवृत्तीत संपादिका म्हणून माझं नाव नसावं, एवढं प्रकाशकांना स्वतंत्रपणे कळवलं आहे.

माझं पत्र तुम्ही परत दिलं नाहीत. ठेवा. त्यात जेवढं आहे तेवढंच तुमच्याकडे आहे.

आईबद्दल विचारलंत. ती काय म्हणाली, आणि त्या घरात पुढे काय झालं, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

सुवर्णा मंडलिक